घर सोपवताना

परदेशी जायचं ठरलं की भेटेल ती ओळखीची बाई बॅगेबद्दल विचारते. किती किलो चालतं, लोणचं नेऊ देतात का, पिठं नेणार की तिथे मिळतात. साताऱ्यात राजपथावर, मंडईत, देवळात, सगळीकडे हेच. मीही हौसेनं सांगते, कारण बॅग भरायला मला मनापासून आवडतं. पण गेले काही आठवडे आमच्या घरात जी तयारी चालली आहे तिच्यात बॅगेचा वाटा थोडाच आहे. बाकीची सगळी तयारी मागे राहणाऱ्या घराची आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

लेक जर्मनीत स्टुटगार्टला असते. ऑक्टोबरच्या मध्यावर तिचं पहिलं बाळंतपण आहे. पितृपक्षात निघायचं नाही असं सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सर्वपित्री झाली की घटस्थापनेच्या दिवशी माझं विमान आहे. शेंगेन व्हिसाचे नव्वद दिवस संपायच्या आत, म्हणजे नाताळच्या आधी, परत. नवी बॅगही पितृपक्षाच्या आधीच घेऊन झाली. या काळात नवरात्र, दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न, सगळं माझ्यावाचून होणार. घरी दोघंच असतील, हे आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई.

व्हिसाचं काम कागदांचं होतं आणि कागद जमवल्यावर ते झालं. जावयानं तिथल्या कार्यालयातून माझ्या खर्चाचं हमीपत्र करून पाठवलं. किमान ३०,००० युरोचा विमा, बँकेचे उतारे, फोटो, दहा बोटांचे ठसे, ९० युरो फी. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

घर सोपवायचं म्हणजे नेमकं काय, याचा पहिला धडा गॅस सिलिंडरनं दिला. मी मंडईत होते आणि सिलिंडर दारात आला. तो देणाऱ्या मुलाला कोड हवा होता, आणि कोड आला होता माझ्या फोनवर. ह्यांनी मला फोन केला, मी भाजीवाल्या मावशींच्या पाट्यांशेजारी उभी राहून आकडे वाचून दाखवले, सिलिंडर आत गेला. संध्याकाळी चहा घेताना हे म्हणाले, "तू तिकडे झोपलेली असलीस आणि हा इथे दारात उभा राहिला, तर?"

मग आम्ही बसून यादीच केली. गॅस माझ्या नंबरावर. महावितरणचं बिल माझ्या नंबरावर. सासूबाईंच्या पेन्शनच्या खात्याला माझा नंबर, त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर, पॅथॉलॉजीवाल्यांकडे माझा, घरपट्टीला माझा. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. दर वेळी जो फॉर्म भरतो तो आपला नंबर लिहितो, आणि आमच्याकडे फॉर्म मी भरत आले. ह्यांचा चेहरा ती यादी लांबत जाताना जरा उतरला. आपल्या आईच्या खात्यातून रक्कम निघाली तर आपल्याला मेसेजही येत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले आणि आपला नंबर लावून आले. जे बदलता येईल ते बदललं. उरलेल्यासाठी माझं सिमकार्ड जुन्या फोनमध्ये घालून इथेच ठेवायचं ठरलं आहे, मी तिकडे तिकडचं घेईन. मला वाटतं, प्रत्येक घरानं ही यादी एकदा करावी, कुणी परदेशी जावो न जावो. एका माणसाच्या फोनवर अख्खं घर टांगलेलं असणं बरं नाही.

त्यानंतर वही आली. लेकीची शाळेतली, निम्मी कोरी राहिलेली. रोज काम करता करता जे आठवेल ते तिच्यात लिहीत गेले. कासचं पाणी सकाळी येतं, त्याआधी तळटाकीचा वॉल उघडा आहे ना ते बघायचं. पावसाळ्यात गढूळ आलं तर पहिली बादली झाडांना. एकादशीच्या आदल्या दिवशी दूध अर्धा लिटर जास्त सांगायचं, कारण सासूबाई उपासाला दूधच घेतात. गिरणीत ज्वारी देताना "बाजरीवर टाकू नका" असं स्पष्ट बोलायचं, नाहीतर भाकरी काळपट होते आणि त्या जेवत नाहीत, पण तसं सांगतही नाहीत. पोळ्या-भाकरी करायला ताई ठरवल्या आहेत, त्यांना गुरुवारी उशीर होतो. परसातल्या पारिजातकाची फुलं सहाच्या आत वेचायची.

ह्यांनी एकदा रात्री बसून ती वही सगळी वाचली. मधेमधे विचारत होते, हे का, ते का. मी सांगत गेले आणि ते समासात पेन्सिलीनं लिहीत गेले. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं होतील. आम्ही या घराबद्दल एवढं बोललो ते घर बांधताना, आणि त्यानंतर आत्ता.

पण वहीत न मावणारंही काही होतं.

सासूबाईंना काचबिंदू आहे. रात्री जेवणं आटोपली की त्यांच्या डोळ्यांत दोन औषधं घालायची असतात. आधी एक, मग पाच मिनिटं थांबून दुसरं. लगेच घातलं तर पहिलं दुसऱ्याबरोबर वाहून जातं. त्यांना पलंगावर उताणं झोपवायचं, खालची पापणी हलकी ओढायची, बुबुळावर न टाकता पापणीच्या खोबणीत एकच थेंब सोडायचा, मग नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं म्हणजे औषध घशात उतरत नाही. बाटली फोडली ती तारीख खोक्यावर लिहायची आणि चार आठवड्यांनी उरलेलं औषध टाकून द्यायचं. हे सगळं वहीत आहे.

पहिल्या रात्री ह्यांनी बाटली फार उंच धरली होती. थेंब पडताना सासूबाईंनी डोळा मिटला आणि औषध गालावरून कानाकडे ओघळलं. ह्यांनी ते पंचाच्या टोकानं टिपलं आणि तसेच बाटली घेऊन उभे राहिले. मी काही बोलणार तोच सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "हात टेकव माझ्या कपाळावर. अधांतरी नको धरूस." ह्यांनी हात टेकवला. मनगट कपाळावर, बोटांत बाटली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पापणी खाली. थेंब बरोबर पडला. ह्यांनी कोपरा दाबून धरला आणि तिथेच पलंगाच्या कडेला बसले.

मग पाच मिनिटं होती. ती पाच मिनिटं गेली कित्येक वर्षं माझी होती. सासूबाई दिवसभर फारसं बोलत नाहीत, पण डोळे मिटून पडलेल्या असल्या की बोलतात. मला त्यांच्या माहेरची, त्यांच्या थोरल्या बहिणीची, नवजात गेलेल्या त्यांच्या पहिल्या मुलाची सगळी माहिती त्या पाच मिनिटांत मिळाली आहे, थोडी थोडी करून. मी दारात उभी राहून ऐकत होते. बराच वेळ दोघंही गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांची सायकल कुणाला दिली रे आपण?" सासरे पोस्टात होते, सायकलवरून जायचे. ह्यांनी सांगितलं, आणि मग त्या सायकलवरून दोघं कुठे कुठे गेले. माहुलीच्या पुलावर चेन निसटली होती तीही गोष्ट निघाली. ती मी कधी ऐकली नव्हती. दुसरं औषध घालायला त्या दिवशी पाचाच्या ऐवजी पंधरा मिनिटं झाली.

तेव्हापासून रोज रात्रीचं ते काम त्यांचं आहे. मी अजून इथेच आहे, सहज करू शकते, पण मागितलं नाही. आत भांडी विसळताना मला त्यांचे आवाज येतात. आई-मुलगा एका घरात राहत होते, पण त्यांच्यातलं बोलणं बरीच वर्षं माझ्यामार्फत होत होतं. "आईला विचार, भात वाढू का." "त्याला सांग, लवकर ये." यात कुणाचं चुकलं असं मला वाटत नाही. सून मधे असली की कामं तिच्याकडून जातात, आणि कामांबरोबर बोलणंही जातं. ते परत ज्याचं त्याला मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

हयातीच्या दाखल्याचंही असंच. दोन वर्षांपूर्वी तो काढायला गेलो तेव्हा मशीन सासूबाईंचा अंगठा घेईना. आयुष्यभर भाकरी थापलेल्या, भांडी घासलेल्या बोटांवर रेषा उरल्या नव्हत्या. पुसून, पावडर लावून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून त्या दमून गेल्या. आता जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला, फोनवर चेहरा दाखवूनही होतं, आणि केंद्र सरकारच्या ज्या पेन्शनरांनी ऐंशी ओलांडली आहे त्यांना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, १ ऑक्टोबरपासून करता येतं. ह्यांनी त्यासाठी लागणारी दोन्ही ॲप फोनवर घेऊन ठेवली आहेत. दसऱ्याच्या आसपास सकाळी, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येईल तेव्हा करायचं, असं त्यांचं ठरलं आहे.

आता बॅगेबद्दल.

तिकिटावर २३ किलोची एक बॅग आणि हातातली ८ किलोची. लेकीनं डोहाळ्यांत एकच गोष्ट मागितली होती, कंदी पेढे. मोती चौकातून दोन किलो बांधून न्यायचे असं माझ्या मनात होतं. पण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, मांसाचेही नाहीत. पेढे गेले, घरचं तूपही गेलं. ताज्या फळभाज्यांना, पानांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे कढीपत्ता गेला. त्यातून सूट पाचच फळांना आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. यादीत नारळ बघून सासूबाईंना फार बरं वाटलं. नातीच्या ओटीचा नारळ घरून जाईल, हे त्यांच्या दृष्टीनं पेढ्यांपेक्षा मोठं.

मात्र सुकं खोबरं विमानात नेता येत नाही. त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालात धरलं जातं. डिंकाच्या लाडवांत खोबरं, खसखस, तूप सगळंच आलं. दुबईमार्गे जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तर मी आवर्जून सांगितलं, खसखस चिमूटभरही जवळ नको, तिथे तिची गणना अमली पदार्थांत होते आणि माणूस तुरुंगात जाऊ शकतो. माझं विमान थेट फ्रँकफर्टला जातं, तरी मी ती नेणार नाही. जर्मनीत खसखशीचे केक करतात, दुकानात हवी तेवढी मिळते.

म्हणून लाडू तिथेच वळायचे ठरवलं आहे. इथून डिंक, खारकेची पूड, सुंठ, जायफळ न्यायचं. लोणी तिथलं, बिनमिठाचं, ते कढवून तूप लेक करतेच. हळिवाचा प्रश्न तर लेकीनं फोटो पाठवूनच सोडवला. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पुठ्ठ्याच्या लहानशा ट्रेमध्ये दाट हिरवी कोवळी रोपं होती. तिथे ती दुकानात अशीच उगवलेली मिळतात, कात्रीनं कापून पावावर घालून खातात. ती हळिवाचीच रोपं. बाळंतिणीला आपण बी भिजवून खीर देतो, तेच बी तिथे रुजवून पाला खातात. बी तिथे सहज मिळतं, तेव्हा तेही नेणं नाही. मिक्सरसुद्धा इथलाच चालतो, वीज तिथेही २३० व्होल्टच आहे, फक्त पिन बदलावी लागते.

माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण मला माहेरी करणारं कुणी नव्हतं. ते सासूबाईंनी केलं. सव्वा महिना मला खोलीबाहेर पडू दिलं नाही, पहाटे उठून बाजरीच्या पिठाची पेज, ओव्याची धुरी, लेकीला पायांवर घेऊन न्हाऊ-माखू घालणं. तेव्हा मी नुसती पडून होते, बघितलं काहीच नाही. आता मी त्यांना विचारते आणि त्याच वहीच्या मागच्या बाजूनं लिहून घेते. तेल किती कोमट, मान कशी धरायची, टाळू भरताना हात किती हलका.

सगळंच तसं करणार नाही, हे मी त्यांना सांगितलं आहे. धुरी नाही, गुटी नाही, मध तर वर्षभर नाहीच. तिथे सुईण घरी येते, पहिले दहा दिवस लागलं तर रोज, आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून. तिचा खर्च लेकीचा आरोग्य विमा करतो. बाळाचं वजन, नाळ, आईचं दूध, सगळं तीच बघते. हे ऐकून सासूबाईंना पटलं. "घरी येते ना, मग तिचं ऐकायचं," म्हणाल्या.

त्यांनी पणतवंडासाठी वाकळ शिवली आहे. आपली दोन जुनी सुती लुगडी, आणि मधल्या थरात माझ्या आईचं एक पातळ, जे मी इतकी वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं. ते मी स्वतःहून काढून दिलं. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून रोज सकाळी मी दहा-बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. दुपारी त्या खिडकीशी बसायच्या आणि बोटांनीच चाचपून धावदोरा घालायच्या. टाके कुठे कुठे वाकडे गेले आहेत, पण कडा चारही बाजूंनी घट्ट आहेत. ओढून बघितलं.

लेकीनं फोनवर चाचरत सांगितलं की तिथले डॉक्टर बाळाला पांघरूण घालू देत नाहीत, वर्षभर अंगात घालायच्या झोपण्याच्या पिशवीतच झोपवायचं, उताणं, आजूबाजूला उशीही नाही. मला वाटलं सासूबाई खट्टू होतील. त्यांनी थोडा विचार केला. "पांघरायला कशाला? खाली अंथर. पालथं पडायला लागलं की जमीन टोचेल." लेक तिकडे हसली, आणि मग तिला बोलवेना. वाकळ हातातल्या बॅगेत जाणार आहे, सामानाच्या बॅगेत नाही. ती हरवलेली मला चालणार नाही.

घड्याळाचं सासूबाईंनी स्वतःच पाठ केलं आहे. आत्ता तिथे साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार. त्यांना हे विलक्षण वाटतं की एक सबंध देश एका रात्रीत घड्याळं मागे करतो. फोन त्यांच्या दुपारच्या चहाला यायचा असं ठरलं आहे, तेव्हा तिथे सकाळ असेल आणि बाळाची अंघोळ व्हायची असेल.

नवरात्राचे घट हे बसवणार. परडीत पसरायची माती आणून ठेवली आहे, सात धान्यांची पुडी बांधून देवघरात आहे. अखंड दिव्याला रात्री कोण उठणार यावर दोघांचं बोलणं झालं. सासूबाईंना तशीही पहाटे तीनला जाग येते, त्या तेल बघतील, वात हे सारतील. माझे उपास मी तिकडे करणार नाही, बाळंतिणीच्या घरात माझ्या अंगात ताकद हवी. त्याला सासूबाईंनी चटकन होकार दिला. त्यांनीही माझ्या वेळी सोडले होते, हे मला परवाच कळलं.

दिवाळीचा फराळ विकत आणू, असं हे म्हणाले होते. सासूबाईंनी ते साफ मोडून काढलं. सगळं नाही, पण चकली घरची. त्या खुर्चीत बसून सोऱ्या भरून देणार, हे दाबणार आणि तळणार, आणि मोहन किती घालायचं ते त्या हातानं बघून सांगणार. भाजणी काल दुपारी भाजून झाली आहे. उद्या गिरणीतून आणायची, निवली की डब्यात भरायची आणि डब्यावर चिठ्ठी लावायची.